१०८ च्या गाडीतलं लेकरू: वजन कोणाला माहीत आहे?

रानवाट_१०८

नमस्कार मंडळी. इथे आरोग्य खात्यातले बरेच जण नुसते वाचून जातात हे ठाऊक आहे. यावेळी त्यांनी लिहावं म्हणून हा धागा.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यात १०८ च्या गाडीवर डॉक्टर आहे. त्याआधी काही काळ मेळघाटात धारणीला होतो. बाहेरच्या देशांत पॅरामेडिक जे काम करतात ते आपल्या राज्यात आम्ही करतो. २०१४ मध्ये ही सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ एएलएस, म्हणजे अत्यवस्थ रुग्णासाठी जास्त साधनं असलेल्या, ७०४ बीएलएस, म्हणजे प्राथमिक साधनांच्या, आणि गाडीत एक डॉक्टर, एक पायलट. डॉक्टर म्हणजे बहुतेक बीएएमएस, आयुर्वेदाची पदवी घेतलेले, पायलट म्हणजे चालक. १०२ ची गाडी वेगळी, ती गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी. तिच्यात सहसा चालक एकटाच.

लेकराचा कॉल आला की गाडीत बोलणं बंद होतं. सवय नसते हे त्याचं कारण. आमचे बहुतेक कॉल कळा सुरू झालेल्या बाईचे, मोटारसायकलवरून पडलेल्यांचे, छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्यांचे. लेकरं त्या मानाने कमी, आणि त्यातही खरोखर अत्यवस्थ अगदी थोडी. हात बसावा इतक्या वेळा ती वेळ येतच नाही. येऊही नये, पण आली की हात चाचपडतो.

आता मुद्दा. मोठ्या माणसाला औषध ॲम्प्युलच्या, म्हणजे काचेच्या कुपीच्या, हिशोबाने जातं. लेकराचं सगळं किलोवर. झटके थांबवायला नाकातून मिडाझोलाम किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. ॲलर्जीने घसा सुजून श्वास अडला तर मांडीत ॲड्रेनलिन, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. साखर उतरली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे ५ मिलि, आणि माझ्या पेटीत असतं २५ टक्क्यांचं. म्हणजे दोन भाग ते, तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, हा हिशोब हलत्या गाडीत, आईच्या आक्रोशात करायचा. आणि या सगळ्याच्या आधी लागतं ते वजन.

पुस्तकातलं जुनं सूत्र असं की वयात ४ मिळवा आणि २ ने गुणा. चार वर्षांचं पोर १६ किलोचं. कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, चार वर्षांचं पोर ११ किलोचं भेटतं. त्याला १६ चा हिशोब लावला तर मात्रा जवळजवळ दीडपट. मिडाझोलाम दीडपट गेलं तर झटक्यांबरोबर श्वासही मंदावतो. उलटंही होतं. वणीच्या बाजारपेठेतलं त्याच वयाचं गुटगुटीत पोर २२ किलोचं निघतं, मग औषध कमी पडतं. बरं, वय तरी नक्की कुठे असतं? "मागच्या नाही, त्याच्या मागच्या पोळ्याले झाला" यावरून महिने मोजा.

आमच्या गाडीत वजनकाटा नाही. बापाला विचारलं तर "असंल पंधरा-वीस". तुमच्याकडे काय करता?

---

मृगाचा_पाऊस

वाचतेय. मुलं लहान असताना १०८ हा नंबर फ्रीजवर लावला होता. पलीकडे गाडीत हे गणित चालतं हे डोक्यातही आलं नव्हतं.

---

वर्धेची_वाट

चांगला धागा. मी बालरोगात आहे, म्हणजे तुम्ही आणलेलं लेकरू ज्यांच्या हातात पडतं त्यांतली एक.

हात बसत नाही हे तुमचं एकट्याचं दुखणं नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात रुग्णवाहिकांमधून मुलांना दिलेली औषधं तपासली तेव्हा सुमारे एक तृतीयांश मात्रा चुकलेल्या निघाल्या. तिथे प्रशिक्षण आहे, छापील तक्ते आहेत, तरीही.

तिकडे लांबीवरून वजन सांगणारी रंगीत पट्टी वापरतात, ब्रोसलो टेप. पोर आडवं ठेवायचं, डोक्यापासून टाचेपर्यंत पट्टी धरायची, ज्या रंगावर टाच येईल त्या रंगाची मात्रा द्यायची. कल्पना उत्तम. पण ती पट्टी तिकडच्या मुलांवर बेतलेली आहे. मुंबईत तपासली तेव्हा १० किलोच्या वरच्या मुलांत ती वजन जास्त दाखवते असं दिसलं. मुंबईत हे, तर मेळघाटात काय होईल विचार करा. तरी माझ्या मते नुसत्या वयापेक्षा लांबी बरी, कारण लांबी डोळ्यांना दिसते आणि वय कोणीतरी सांगावं लागतं.

आता थोडं वाकडं बोलते. तुम्ही वजनावर अडलात, पण आमच्याकडे येणारी बरीच लेकरं औषधाच्या मात्रेने बिघडलेली नसतात. आजारी दिसत नव्हती म्हणून उशिरा निघालेली असतात. लेकराचं शरीर फार वेळ सावरून धरतं. जुलाबाने सुकत चाललेल्या पोराचं बीपी शेवटपर्यंत बरं येतं आणि मग एकदम कोसळतं. बीपी उतरलेलं दिसलं तर उशीर झालेला आहे असं धरा. १० किलोच्या पोरात रक्त असतं सारं ८०० मिलिच्या आसपास. २०० गेलं तर पाव हिस्सा संपला.

म्हणून आधी नुसतं बघायचं. अंगाला हात लावायच्या आधी, दारातूनच. रंग कसा आहे, आईकडे बघतंय का, श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतोय का. मग श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. त्याला किंवा त्याच्या वर गेला तर तो जलद. छातीवर दाबून सोडल्यावर रंग परतायला किती वेळ लागतो ते बघा. यातल्या कशालाच वजन लागत नाही.

---

कपाशीवाला

अजी डॉक्टरीन बाई, ते एक मिनिट मोजनं आमी भोगलं हाय.

माह्या पोट्ट्याले निमोनिया झाला होता, दीड वर्षाचा असंन. गाडी आली, डॉक्टर उतरले, न् त्यायनं पोट्ट्याची बंडी वर करून नुसतं पोटाकडं पाहत बसले. घड्याय हातात. अर्धं गाव जमा. माहा साळा म्हने, "हा डॉक्टर हाय का जोतिषी, गाडी काढ म्हना ना!" मीबी लय तापलो होतो, खोटं कायले बोलू. आमाले वाटे का गाडी आली म्हंजे लेकरू उचलाचं न् सुसाट यवतमाय गाठाचं.

त्यायनं मोजलं, आक्सिजन लावला, फोनवर कोनाशी तरी बोलले न् मंग निंघाले. पोट्टं आता साळंत जाते. पन त्या मिनिटाले कोनी आमाले सांगतलं असतं का "भाऊ, मी श्वास मोजून राहिलो, याच्यावरून ठरते कुठी न्याचं", तर एवढा कालवा झाला नसता.

---

रानवाट_१०८

@कपाशीवाला, हे फार उपयोगाचं लिहिलंत. मी हल्ली मोठ्याने मोजतो. आकडे कानावर पडले की लोक गप्प होतात, काहीतरी चाललंय हे त्यांना कळतं. कधी कधी आजीही माझ्याबरोबर मोजायला लागते.

@वर्धेची_वाट, पटलं. पण बघून झाल्यावर औषध द्यायचं ठरलं की वजन लागतंच ना. प्रश्न तिथेच आहे.

---

सडेतोड_नागपूर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आयुर्वेद शिकलेल्या डॉक्टरला गाडीत बसवायचं आणि मग मुलांच्या औषधांची मात्रा येत नाही म्हणून धागे काढायचे. मूळ प्रश्न प्रशिक्षणाचा आहे, काट्याचा नाही. इतर राज्यांत यासाठी खास शिकवलेले ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेतले तंत्रज्ञ, असतात.

---

रानवाट_१०८

राग नाही. प्रशिक्षण कमी पडतं हे खरंच आहे. रबरी बाहुलीवर शिकवतात आणि ती बाहुली हातपाय झाडत नाही, ओकत नाही, तिची आई दंडाला धरून ओढत नाही. वर्षातून काही दिवस जिल्हा रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात बसवलं तर फरक पडेल. पण उद्या एमडी बालरोग गाडीत बसवले तरी पोडावर उतरल्यावर त्यांनाही वजन माहीत नसेल. त्यांच्या वॉर्डात दारातच काटा असतो.

---

वर्धेची_वाट

+१. मला वजन सिस्टर कागदावर लिहून देते. काट्याशिवाय मी किती अचूक असेन, सांगता येत नाही.

---

पायलटभाऊ

मी गाडी चालवतो, डॉक्टर नाई, तरी लिहितो.

वजनाच्या आधीची गोष्ट सांगतो. कॉल येते तो पुन्याच्या सेंटरातून. पत्ता काय, तर "गोठ्याच्या बाजूचं घर, पिंपयाच्या झाडापासी". टावर नसला तर तोबी अर्धाच. लेकरू असलं का घरचे थांबत नाईत, मोटारसायकलवर दोघांच्या मधात लेकरू घेऊन समोरून येतात न् आमी दुसऱ्या रस्त्यानं त्यायच्या घरी. दोन्हीकून टाइम गेला. मी आता सांगून ठेवतो, निंघाचंच असंन तर डांबरी सडकीवरच या, पांदन रस्त्यानं येऊ नका.

मंग गाडीत पाच जन चढतात. आई पायजेच. लेकरू आईजवय असलं का अर्धं रडनं बंद. पन आजी, मामा, काका, सरपंच कायले? ते मानूस मी उतरवतो, डॉक्टरले बोलू देत नाई, कारन डॉक्टरले त्याच लोकायपासून पुढची माहिती काढाची असते.

न् पट्टा. ट्रेचरचे पट्टे मोठ्या मानसाचे, लेकरू खालून सरकते. मांडीवर बसवलं तर ब्रेक दाबला का उडून जाईन. आमी चादरीची गुंडाई दोन बाजूनं लावतो न् छातीवरून, मांडीवरून पट्टा आवयतो. लय चांगलं हाय असं नाई म्हनत, पन मांडीपेक्षा बरं.

थंडीत तान्हं बाळ असलं तर मी पयले हीटर लावतो न् मंग दार उघडतो. चिखलदऱ्याच्या घाटात डिसेंबर म्हंजे काय असते ते तिकडच्यालेच ठावूक.

---

वर्धेची_वाट

पायलटभाऊ, हीटर आधी आणि दार नंतर, हे आमच्या ज्युनियर डॉक्टरांना सांगून थकले मी. तान्ह्याला थंडी लागणं हा स्वतंत्र आजार समजा. ते गार पडलं की साखर उतरते, श्वास बिघडतो. आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांना पांघरूण, डोक्याला टोपी. गरम पाण्याची बाटली अंगाला लावू नका, भाजलेली बाळं पाहिली आहेत.

आणखी एक. लहान बाळाचं डोकं मोठं, मागचा भाग फुगीर. सपाट झोपवलं की मान पुढे मुडपते आणि श्वासनलिका दबते. खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवली की निम्मं काम होतं. ऑक्सिजन मोजायची चाप बोटावर बसत नसेल तर पायाच्या अंगठ्यावर किंवा तळपायाला लावून बघा.

---

पर्लकोटा

मी भामरागडकडे नर्स आहे. आमच्याकडचं चित्र थोडं वेगळं, म्हणून लिहिते.

पावसाळ्यात पर्लकोटा चढली की पुलावरून पाणी, भामरागड तुटलं. पलीकडच्या गावांतून लेकरू येतं ते खाटेची कावड करून, नाहीतर डोंग्यातून. गाडी अलीकडे उभी असते. तुमचा पहिला तास आमच्याकडे नदीच खाते.

तापात झटके आले की बाहेरून आलेला माणूस "तापाचे झटके, होतं असं" म्हणून मोकळा होतो. गडचिरोलीत असं म्हणायची सोय नाही. आधी मलेरियाची किट. फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक जंतू, मेंदूत गेला असेल तर झटके हेच पहिलं लक्षण असू शकतं. ग्लुकोमीटर त्याच वेळी लावायचा, कारण मलेरियात साखर उतरते आणि त्यानेही झटके येतात. मलेरियावरच्या आर्टेसुनेट इंजेक्शनची मात्रासुद्धा वजनावरच. २० किलोच्या आतल्या मुलाला किलोमागे ३ मिलिग्रॅम, त्याच्या वर २.४. म्हणजे लहानग्याला किलोमागे जास्त लागतं. हे ऐकून नवीन लोक चमकतात.

सिकलसेल विसरू नका, रक्ताचा आनुवंशिक आजार तो. पूर्व विदर्भात पांढरंफटक पोर, पोट फुगलेलं, पाय दुखतात म्हणून रडतंय, तर "लाल कार्ड-पिवळं कार्ड आहे का", म्हणजे सिकलसेलच्या तपासणीनंतर मिळतं ते, हा प्रश्न ओठावर पाहिजे. प्लीहेत रक्त साठलं तर काही तासांत जातं पोर.

भाषेचं काय सांगू. माडिया बोलणारी आई मराठी समजते असं मान हलवून दाखवते आणि अर्धं तिला कळलेलं नसतं. आशाताई सोबत घेतल्याशिवाय मी विचारपूसच करत नाही. गावात उपचार करणाऱ्या पुजाऱ्याकडे जाऊन आलेत का, हेही तिच्याच तोंडून विचारायचं. आपण विचारलं की नाहीच म्हणतात.

---

रानवाट_१०८

मेळघाटात तेच, फक्त पुजाऱ्याच्या जागी भुमका. पोट फुगलं म्हणून तान्ह्याच्या पोटावर तापलेल्या सळईचे किंवा विळ्याचे चटके, डंबा म्हणतात त्याला. कपडा उघडला की दिसतं. तिथे आईवर ओरडलात की संपलं, पुढच्या वेळी ते घर १०८ लावणार नाही. चटके नोंदवायचे, वरच्या डॉक्टरांना सांगायचे, आणि आपण ज्यासाठी आलो ते करायचं.

तापाच्या झटक्यांवरून आठवलं. चांदीपुरा विषाणू नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात १९६५ मध्ये सापडला. वाळूमाशीतून पसरतो, आणि पोर सकाळी तापलं तर दुसऱ्या दिवशी बेशुद्ध असू शकतं. आपल्याच मातीतलं नाव आहे आणि आपल्याच लोकांना माहीत नाही.

---

अंगणवाडी_बीट

बराच वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

दादा, तुम्ही वजन पुस्तकात आणि पट्टीवर शोधताय. ते गावातच लिहिलेलं आहे. मी पर्यवेक्षिका आहे, माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या गावांतल्या, प्रत्येक अंगणवाडीत सहा वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचं वजन दर महिन्याला होतं. रजिस्टरमध्ये असतं, आता मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्येही असतं. लहान बाळाचं माता-बाल संरक्षण कार्डावर आईकडेच असतं. तान्ह्याचं आशाताईकडे, कारण ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बघते, तिच्या पिशवीत काटा असतो.

कॉल लागल्यापासून तुम्ही पोचेपर्यंत वेळ जातोच. त्या वेळात सेविकेला एक फोन केला तर ती सांगेल, "अमक्याची धाकटी, मागच्या महिन्यात १० किलो ८००, मॅममध्ये आहे." मॅम म्हणजे मध्यम कुपोषित. तुम्ही गाडीतच मात्रा काढून सिरिंजवर चिकटपट्टी लावून उतराल.

---

सडेतोड_नागपूर

कागदावर छान. पण ती वजनं खरी असतात का? कुपोषणाची संख्या वाढू नये म्हणून घरबसल्या आकडे भरल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. काटे बिघडलेले असतात. चुकीच्या वजनावर औषध देण्यापेक्षा अंदाज बरा.

---

अंगणवाडी_बीट

काटे बिघडतात, हो. साल्टर काट्याची स्प्रिंग ढिली झाली की अर्धा किलो इकडचा तिकडे. आणि आकडे बसून भरणाऱ्याही आहेत, मी स्वतः पकडलेल्या आहेत. पण बसून भरणारीसुद्धा मागच्या महिन्याच्या आकड्यात शे-दोनशे ग्रॅम मिळवते, ११ चे १६ करत नाही. तुमच्या सूत्राची चूक ५ किलोची आहे, माझ्या वाईटात वाईट सेविकेची किलोभराची. कोणती पत्करता?

---

वर्धेची_वाट

हे उत्तर मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे.

---

पर्लकोटा

कल्पना मस्त, पण तीन जागी फसेल. एक, टॉवर नसेल तिथे फोनच लागणार नाही. दोन, सहा वर्षांच्या वरची मुलं अंगणवाडीच्या वहीत नाहीत. तिसरी मोठी: लेकरू त्या गावचं असेलच असं नाही. वीटभट्टीवरचं, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्यांचं, मामाच्या गावी आलेलं. त्यांचं नाव कुठल्या वहीत?

---

रानवाट_१०८

सहाच्या वरच्यांसाठी आश्रमशाळेत आणि जिल्हा परिषद शाळेत तपासणी पथक येतं, वजन लिहून जातं. पण रात्री दोन वाजता मुख्याध्यापक कोण शोधणार. ती मुलं निदान "काट्यावर किती भरलो होतो" हे स्वतः सांगू शकतात, शुद्धीत असली तर.

भट्टीवरच्यांसाठी मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

---

अंगणवाडी_बीट

आहे थोडं. आशाताईकडे दंडघेर पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली आला तर लेकरू सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. वजन कळत नाही त्यातून, पण पुस्तकातल्या सूत्राला हात लावायचा नाही एवढं तरी कळतं.

---

वर्धेची_वाट

आणि ते कळणं फार मोठं आहे! सॅमचं लेकरू जुलाबाने सुकलेलं असलं तरी सलाईन धो-धो सोडायची नाही. इतर मुलांत किलोमागे १० ते २० मिलि भराभर देतात. सॅममध्ये सलाईन फक्त शॉकमध्ये, किलोमागे १५ मिलि, तीही तासभरात हळूहळू, दर काही मिनिटांनी नाडी आणि श्वास बघत. हृदय तेवढं पाणी ओढू शकत नाही. पिऊ शकत असेल तर तोंडाने किंवा नळीने. दंडघेर पट्टी गाडीत पाहिजेच. तिला किंमत काय, शिलाईच्या टेपएवढी.

---

मृगाचा_पाऊस

माझा एक बाळबोध प्रश्न. साप चावला तरी असंच वजनावर? लहान मुलाला अर्धीच लस देतात ना?

---

रानवाट_१०८

नाही! हा गैरसमज घालवायलाच हवा. सापाने विष सोडताना पोराचं वजन बघितलेलं नसतं. लस त्या विषाला मारायची असते, म्हणून लेकरालाही मोठ्या माणसाइतकीच. सुरुवातीला ८ ते १० व्हायल, म्हणजे बाटल्या.

लेकरांत मण्यार जास्त फसवते. रात्री जमिनीवर झोपलेलं पोर, चावल्याची खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून रडतं, मग पापण्या खाली येतात. घरच्यांना वाटतं झोप येतेय. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र असल्या की मी अंबू बॅग, म्हणजे दाबून श्वास द्यायची पिशवी, हाताशी ठेवूनच निघतो, कारण रस्त्यात श्वास थांबू शकतो. दोरी बांधू नका, चिरा मारू नका, हातपाय हलू देऊ नका.

विंचवाचं मात्र परत किलोवर. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून दाखवलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. घाम, थंड हातपाय आणि ओकाऱ्या दिसल्या की वरच्या डॉक्टरांना विचारून लगेच.

---

कपाशीवाला

न् औषधाचं? म्हंजे फवारनीचं. आमच्या यवतमायात २०१७ ले फवारनीनं किती शेतकरी गेले सगळ्यायले ठावूक हाय. पन लेकरं थिमेटच्या दान्यायले खेळनं समजतात, न् लोकं उरलेलं औषध पान्याच्या बाटलीत ठेवतात. शेजाऱ्याच्या पोट्टीनं घोट घेतला होता. आजीनं मिठाचं पानी पाजून ओकवलं.

---

रानवाट_१०८

ओकवायचं नाही, भाऊ. ओकताना फुप्फुसात गेलं तर दुप्पट नुकसान. रॉकेलला तर अजिबातच नाही. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, तोंड पुसा, कुशीवर निजवा आणि बाटली गाडीत द्या. बाटलीवरचं नाव आम्हाला सगळ्यात आधी लागतं.

या विषावर देतात ते ॲट्रोपिनही पुन्हा वजनाचंच गणित. मोठ्या माणसाला सुरुवातीलाच तीन-चार ॲम्प्युल जातात. ०.६ मिलिग्रॅमची एक ॲम्प्युल १२ किलोच्या पोराची पहिली मात्रा होते, किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. मग पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घुरघुर असेल तर दुप्पट. मोठ्यांच्या सवयीने हात गेला तर तीनपट-चारपट आरामात जातं.

---

पायलटभाऊ

डॉक्टर साहेब, एक लिहाचं राहिलं. लेकरू गेलं का गाडी धुवून लगेच दुसरा कॉल घ्या लागते. मोठ्या मानसाचं एवढं लागत नाई. आमचे एक डॉक्टर तर नोकरी सोडून दवाखाना टाकून बसले, म्हने मले लेकरायचे कॉल नको. त्यायले कोनी विचारलं नाई का काऊन सोडता. एक दिवस सुट्टी, कोनी चहा पाजून बोललं असतं, तर राहिला असता मानूस.

---

पर्लकोटा

खरंय पायलटभाऊ. आमच्याकडे बाळ गेलं की कारण शोधायला समिती बसते. बसलीच पाहिजे. पण फॉर्मवरचे सगळे प्रश्न "उशीर का झाला" याच धाटणीचे. नर्सने जेवण केलं का, हा रकाना नाही.

---

सडेतोड_नागपूर

बरं, मी माझा शब्द अर्धा मागे घेतो. प्रशिक्षण हवंच, पण वहीचा उपाय फुकट आहे. मग अडचण कुठे? आरोग्य खातं आणि महिला बालविकास खातं वेगळं, हीच ना? एका खात्याच्या सेविकेचा नंबर दुसऱ्या खात्याच्या गाडीत नाही.

---

अंगणवाडी_बीट

तीच. आणि रात्री फोन उचलायचा तर सेविकेच्या मानधनात ते बसत नाही, हेही लिहा. आधीच तिच्या मोबाइलमध्ये किती ॲप आहेत विचारू नका. म्हणून मी फोनपेक्षा सोपं सुचवते. दर महिन्याच्या वजनानंतर सेविकेने आईच्या कार्डावर ताजा आकडा मोठ्या अक्षरात लिहायचा आणि कार्ड देवघरात किंवा तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगायचं. बऱ्याच घरांत कार्ड पेटीच्या तळाशी असतं आणि किल्ली सासूच्या कमरेला.

---

पर्लकोटा

तांदळाचा डबा नको, उंदीर. आमच्याकडे कुडाच्या भिंतीला प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगतात, मतदान कार्डाबरोबर. ते सापडतं.

---

रानवाट_१०८

चालेल, कुठेही असू द्या, फक्त माहीत असू द्या. @अंगणवाडी_बीट, तुमच्या बीटच्या बैठकीत मी आणि पायलट आलो तर चालेल का? मुद्दा फक्त कार्ड आणि फोन नंबरचा. दंडघेर पट्टी कशी धरायची तेही सेविकांकडून बघून घेऊ.

---

अंगणवाडी_बीट

या की. पण बुधवारी नको, लसीकरण असतं. आणि येताना तुमच्या गाडीची पेटी आणा, बायकांना आत काय काय असतं ते बघायचंय. दोन काटे बिघडलेत, दुरुस्तीला कुठे द्यायचे माहीत असेल कोणाला तर इथेच सांगा.

---

कपाशीवाला

काटेवाला वणीत हाय, कापसाच्या जिनिंगचे काटे नीट करते तो. पोट्ट्यायचा काटा करते का, विचारून सांगतो.